साठ कोटींचा हिशोब: ‘तातडी’चा मजकूर कसा वाचायचा?



संशोधनासाठी जुनी साधनं वाचायला बसलात, की एका प्रकारचा मजकूर तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. त्यात एक प्रचंड आकडा असतो, एक मुदत असते आणि ‘वेळ निघून चाललाय, उठा’ असा सूर असतो. दुष्काळनिधीची आवाहनं, चळवळींची पत्रकं, साक्षरता मोहिमांचे अहवाल, सगळीकडे हा सूर सापडतो. सोयीसाठी आपण त्याला ‘तातडीचा मजकूर’ म्हणू.

असा मजकूर हाताळताना विद्यार्थी साधारण दोन टोकांना जातात. काही जण त्यातली माहिती जशीच्या तशी उचलून प्रकरणात टाकतात. काही जण ‘हा तर प्रचार’ म्हणून तो बाजूला सारतात. पहिल्यात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात आळस. आज एका छोट्या पुस्तिकेच्या निमित्ताने यातून वाट कशी काढायची ते पाहू.

पुस्तिका १८१८ सालची आहे. लेखक दोघे अमेरिकन, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल. लिहिली मुंबईत, छापली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, अँडोव्हर या गावी. शीर्षक मराठीत सांगायचं तर साधारण असं: ‘जगाचं धर्मांतर, अर्थात साठ कोटींचा हक्क, आणि त्यांच्याबाबत चर्चची क्षमता व कर्तव्य’. परदेशी मिशनसाठी माणसं आणि पैसा उभा करणाऱ्या साहित्यातला हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. जगाचा हा हिशोब मांडला गेला तो मराठी मुलखाच्या दारात बसून.

आधी माणसं, मग मजकूर

मजकुरावर टीका करण्याआधी तो कुणी आणि कुठल्या अवस्थेत लिहिला हे पाहायचं, हा आपला नेहमीचा नियम.

१८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजची पाच मुलं प्रार्थनेसाठी जमली होती. वादळ आलं म्हणून ती गवताच्या गंजीच्या आडोशाला गेली आणि तिथे त्यांनी परदेशी जाऊन सुवार्ता सांगण्याचा विचार पक्का केला, असं या चळवळीचा इतिहास सांगतो. पुढे १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम इथल्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली आणि थोड्याच दिवसांत ते दोन जहाजांतून कलकत्त्याकडे निघाले. त्यात हॉल आणि न्यूएल होते.

समुद्रप्रवास कित्येक महिन्यांचा. कलकत्त्याला उतरल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितलं. कंपनीला मिशनरी नको होते, आणि त्याच सुमाराला ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झालं होतं. न्यूएल पतीपत्नी मॉरिशसला गेले. वाटेत त्यांचं नवजात बाळ दगावलं आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएलही वारल्या. त्या अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. हॉल आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथेही हद्दपारीची टांगती तलवार होतीच. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी बराच पत्रव्यवहार झाला आणि अखेर राहायची परवानगी मिळाली. १८१३ च्याच सनदी कायद्याने मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात येण्याचा मार्ग मोकळा केला. न्यूएल १८१४ मध्ये श्रीलंकेमार्गे मुंबईला आले.

म्हणजे ही पुस्तिका आरामखुर्चीत बसून लिहिलेली नाही. लिहिणाऱ्या एकाने बायको आणि मूल गमावलं होतं. पुढे १८२१ मध्ये न्यूएल स्वतः मुंबईत कॉलऱ्याने गेले. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर असताना हॉलही कॉलऱ्यानेच गेले. ‘हे लोक ढोंगी होते’ असं म्हणून आपली सुटका होणार नाही. त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनच मजकुराची चिकित्सा करायची आहे, आणि अवघड भाग तोच आहे. ढोंग्याचा मजकूर उघडा पाडणं सोपं असतं. ज्याने आपल्या शब्दांसाठी जीव दिला त्याच्या मजकुरात काय खटकतं हे शांतपणे सांगायला जास्त शिस्त लागते.

शीर्षकातला ‘हक्क’ कुणी मागितला?

आता शीर्षकच पुन्हा वाचा. ‘साठ कोटींचा हक्क’. म्हणजे जगातल्या साठ कोटी ख्रिस्तेतर लोकांचा अमेरिका आणि युरोपातल्या चर्चवर हक्क आहे, आणि तो पुरा करणं हे चर्चचं कर्तव्य आहे. हक्क, क्षमता, कर्तव्य अशी तीन पायऱ्यांची ही मांडणी आहे.

व्याकरणाने पाहिलं तर या वाक्यात मागणारे आहेत साठ कोटी लोक. पण त्यांच्यापैकी कुणी काही मागितलं होतं का? मुंबईतल्या बाजारातला व्यापारी, कोकणातला कुळवाडी, चीनमधला विणकर यांच्यापैकी कुणी अँडोव्हरला अर्ज केलेला नव्हता. त्यांच्या नावाने दावा दाखल केलाय तो दुसऱ्याच कुणीतरी, आणि दाखल केलाय तिसऱ्याकडे. वादी हजर नाही, वकील हजर आहे.

तातडीच्या मजकुराला विचारायचा पहिला प्रश्न यातून मिळतो: हा मजकूर कुणाविषयी आहे आणि कुणाला उद्देशून आहे? या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि त्यांच्यातलं अंतर हीच संशोधकाची खरी जागा. ‘जगाचं धर्मांतर’ साठ कोटींविषयी आहे, पण वाचक आहे न्यू इंग्लंडमधला चर्चला जाणारा माणूस. त्याला अस्वस्थ करणं, त्याच्या मुलाला जहाजात बसवणं आणि त्याच्याकडून वर्गणी मिळवणं हे तिचं काम. म्हणून १८१८ च्या न्यू इंग्लंडमध्ये कुठल्या शब्दांनी माणूस हलत होता, याचा ती उत्तम पुरावा आहे. १८१८ च्या मुंबईत लोक काय विचार करत होते, याचा ती दुबळा पुरावा आहे. अनेक प्रबंधांत नेमकं उलटं होतं. मिशनरी आवाहनातलं वर्णन ‘तत्कालीन समाजस्थिती’ या मथळ्याखाली जातं, आणि ते ज्यांना उद्देशून लिहिलं त्यांचा उल्लेखसुद्धा नसतो.

आकडा कुठून आला?

साठ कोटी हा आकडा कुठून आला? त्या काळी जगाची जनगणना नव्हती. भारताची पहिली देशव्यापी जनगणना झाली ती १८७० च्या दशकात. मग हा आकडा आला भूगोलाच्या पुस्तकांतून, प्रवासवर्णनांतून आणि अंदाजांतून.

या परंपरेतला आधीचा एक प्रसिद्ध तक्ता विल्यम कॅरी यांचा. हेच कॅरी पुढे श्रीरामपूरला गेले आणि १८०५ मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं. पण १७९२ मध्ये ते इंग्लंडमध्येच होते. मूळचे जोडे शिवणारे, आता धर्मोपदेशक. त्या वर्षी त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत देशोदेशींचे तक्ते आहेत: लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. जगाची लोकसंख्या त्यांनी धरली ७३ कोटी १० लाख. त्यात ४२ कोटी मूर्तिपूजक, १३ कोटी मुसलमान, १० कोटी कॅथलिक, ४ कोटी ४० लाख प्रॉटेस्टंट अशी वाटणी. हे सगळं देशाबाहेर पाऊल न टाकता.

म्हणून त्यांना हसू नका. त्या काळी उपलब्ध साधनांवर केलेलं ते मेहनतीचं काम होतं. प्रश्न वेगळा आहे. अंदाज म्हणून जन्मलेला आकडा घोषणेत गेला की त्याचा अंदाजपणा गळून पडतो. ‘सुमारे’, ‘बहुधा’ हे शब्द तक्त्यातच राहतात. शीर्षकात उरतात फक्त साठ कोटी. आपला दुसरा प्रश्न हा: आकडा कुणी, कशाच्या आधारावर मोजला आणि प्रवासात त्याची कुठली पुस्ती गळाली?

भागाकारात काय लपतं?

हॉल आणि न्यूएल यांचं गणित सोपं होतं. दर वीस हजार माणसांमागे एक मिशनरी धरा. साठ कोटी भागिले वीस हजार, म्हणजे तीस हजार मिशनरी. अमेरिका आणि युरोपातल्या प्रॉटेस्टंट मंडळींनी मनावर घेतलं तर एवढी माणसं २१ वर्षांत पाठवता येतील.

भागाकार बरोबर आहे. पण भागाकार करण्यासाठी सगळी माणसं एकसारखी धरावी लागतात. कोकणातला खेडूत आणि कँटनचा दुकानदार इथे एकाच मापाने मोजले जातात. भाषा, जात, राज्य, अंतर, रोगराई यांना भाजकात जागा नाही. आणि ‘एक मिशनरी’ हे एकक तरी काय आहे? बोटीतून उतरल्यावर मराठीत चार वाक्यं धड बोलायला काही वर्षं जातात, हे हॉल यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते स्वतः मराठी शिकून मुंबईच्या रस्त्यांवर बोलत होते आणि धर्मांतरं मात्र जवळपास नव्हतीच.

मग याच मंडळींचं मुंबईतलं रोजचं काम पाहा. १८१६ मध्ये आलेल्या होरेशियो बार्डवेल यांच्याबरोबर छापखान्याचं काम उभं राहू लागलं आणि १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू झाली. शाळा निघाल्या. १८२४ मध्ये मुलींची शाळा निघाली. १८२६ मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर पूर्ण छापून झालं. यातलं एकही काम ‘एक मिशनरी’ने केलेलं नाही. भाषा शिकवणारे पंडित, शाळांत शिकवणारे पंतोजी, त्यांत बेने इस्राएल समाजातलेही शिक्षक होते, छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार, या सगळ्यांच्या हातांनी ते झालं. तीस हजारांच्या हिशोबात यांतला कुणीच नाही. ज्यांना सुवार्ता ‘पोचवायची’ त्या साठ कोटींत ते मोजले गेले आहेत.

आणि हातात आलेलं साधन लोक आपल्या कामाला लावतात, हे तर कुठल्याच तक्त्यात नसतं. गणपत कृष्णाजी यांचा छपाईशी संबंध आला तो अमेरिकन मिशनच्या छापखान्यामुळे. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ मध्ये त्यावर पंचांग छापलं. तीस हजार मिशनऱ्यांची मागणी करणाऱ्या मजकुरात या पंचांगाला जागा नव्हती. मराठी मुद्रणाच्या इतिहासात मात्र त्याची जागा मोठी आहे.

तिसरा प्रश्न म्हणून असा धरा: हिशोब सुटसुटीत व्हावा म्हणून कोणाला वगळलंय?

याच संदर्भात एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. १८२६ मध्ये हॉल यांचं आणखी एक आवाहन आहे. तेही अमेरिकन ख्रिश्चनांनाच उद्देशून. पण या वेळी आकडा साठ कोटींचा नाही. मराठी बोलणाऱ्या एक कोटी वीस लाख लोकांसाठी ते आवाहन आहे. दोन शीर्षकं शेजारी ठेवा. १८१८ मध्ये माणसं मोजली ती ‘ख्रिस्ती नसलेले’ म्हणून, म्हणजे काय नाहीत यावरून. १८२६ मध्ये मोजली ती मराठी बोलणारे म्हणून, म्हणजे काय आहेत यावरून. तेरा वर्षं मुंबईत राहिलेल्या माणसाचं मोजण्याचं एकक बदललं होतं. सूर तोच, तातडी तीच, वाचकही तोच. पण एकक बदललं. एकाच लेखकाच्या दोन मजकुरांत असा फरक दिसला की तिथे थांबा. असल्या एका फरकावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

मुदत संपल्यावर काय झालं?

१८१८ अधिक २१ म्हणजे १८३९. त्या वर्षी तीस हजार मिशनरी जगभर पसरले नव्हते, हे सांगायला नकोच. पण मुदत संपल्यावर तातडी संपली का? नाही. तातडीच्या मजकुराचा हा एक विशेष आहे. जुनी मुदत टळली याचा जमाखर्च क्वचितच मांडला जातो, बहुतेक वेळा नवी मुदत जाहीर होते.

इथून पुढचा धागा पुन्हा आपल्याच भागातून जातो. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ चा, कोल्हापूरचा. वडील रॉयल वाइल्डर आधी अहमदनगरला आणि मग कोल्हापूरला मिशनरी होते. मुलगा अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांनी विद्यार्थ्यांचं शिबिर भरवलं. आलेल्या सुमारे अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली. यामागे वाइल्डर यांचा मोठा हात होता. नंतर ते आणि जॉन फोरमन कॉलेज-कॉलेज फिरले आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी प्रतिज्ञेवर सह्या केल्या. १८८८ मध्ये ‘स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. तिचं घोषवाक्य होतं: याच पिढीत जगभर सुवार्ताप्रसार.

या घोषवाक्याचं समर्थन करणारं पुस्तक जॉन मॉट यांनी १९०० मध्ये लिहिलं. मॉट हे संघटनेचे प्रमुख, पुढे १९४६ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिकही मिळालं. घोषवाक्यावर आक्षेप आले होते. जर्मन मिशन-अभ्यासक गुस्ताव वार्नेक यांना ही घाई मान्य नव्हती. काम खोलवर रुजायला हवं आणि त्याला वेळ लागतो, असा त्यांचा रोख होता. ही टीका मिशनच्या आतून आली होती, हे लक्षात ठेवा. ‘मिशनरी असं मानत’ असं सरसकट वाक्य लिहिण्याआधी हा वाद आठवा.

मॉट यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, सुवार्ताप्रसार म्हणजे धर्मांतर नव्हे. प्रत्येकाला ख्रिस्ताविषयी पुरेसं जाणून घ्यायची संधी मिळाली की झालं. दोन, ‘ही पिढी’ म्हणजे प्रत्येक पिढीची आपल्या काळातल्या माणसांबद्दलची जबाबदारी.

आता १८१८ चं शीर्षक आठवा. तिथे ‘धर्मांतर’ होतं, इथे ‘प्रसार’ आहे. फलितावरून संधीवर आलो. तिथे २१ वर्षं होती, इथे पिढी आहे आणि पिढी कधी संपतच नाही, एक सरली की दुसरी येते. म्हणजे ही मुदत चुकूच शकत नाही. धर्मशास्त्राच्या अंगाने मॉट यांच्या भूमिकेला नीट आधार आहे, कारण हृदयपालट हे देवाचं काम आणि सांगणं हे माणसाचं, हा भेद ख्रिस्ती विचारात जुना आहे. पण संशोधक म्हणून तुम्हाला हेही नोंदवावं लागेल, की या व्याख्येमुळे घोषणा तपासून पाहण्याच्या पलीकडे गेली. चौथा प्रश्न: काय घडलं तर हा दावा चुकला असं मानायचं? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर तो मजकूर अंदाज वर्तवत नाहीये, तो माणसांना हलवतोय. तसाच तो वाचा.

प्रतिज्ञेचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. सुरुवातीच्या मसुद्यात जायची तयारी आणि इच्छा व्यक्त केली होती. पुढे ती भाषा बदलून ‘हेतू’ची झाली. सही करणारे आणि प्रत्यक्ष बोटीत बसणारे यांच्यात मोठं अंतर राहिलं. त्यामुळे सह्यांचा आकडा कुठे वाचलात तर तो प्रवाशांचा आकडा समजू नका.

दोन आठवड्यांचा प्रवास

‘हे सगळं जुनं झालं’ असं वाटत असेल तर थोडं थांबा. मिशनचा प्रवास संपलेला नाही, त्याची लांबी बदलली. हॉल आणि न्यूएल गेले ते परत यायच्या तयारीने नव्हेत. विमानं स्वस्त झाल्यावर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून आठ-पंधरा दिवसांचे मिशन-प्रवास निघू लागले. शाळा-कॉलेजची मुलं जातात, घर बांधतात, भिंती रंगवतात, प्रार्थना करतात, परत येतात. आणि परतल्यावरचं बोलणं बहुधा एकच असतं: श्रद्धा नव्याने जागी झाली, आयुष्य बदललं.

इथे दाव्याची जागा सरकली आहे. १८१८ मध्ये बदल घडायचा होता तिकडे, साठ कोटींत. आता बदल सांगितला जातो इकडे, प्रवाशात. ही आपली सोय आहे, कारण हा दावा तपासता येतो.

कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी तो तपासला. ते तेव्हा अमेरिकेतल्या कॅल्व्हिन कॉलेजशी जोडलेले होते आणि बराच काळ होंडुरासमध्ये राहिले आहेत. १९९८ च्या मिच चक्रीवादळाने त्या देशात प्रचंड नुकसान केलं. त्यानंतर उत्तर अमेरिकेतून अनेक गट घरं बांधायला आले. व्हर बीक यांनी शंभराहून अधिक प्रवाशांना प्रश्नावली दिली, आणि ज्यांची घरं बांधली गेली त्या होंडुरासच्या कुटुंबांनाही विचारलं. त्यांचा लेख २००६ मध्ये ‘मिसिऑलॉजी’ या नियतकालिकात आला.

त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी तुम्ही वहीत लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, तुलना. परदेशी गटांनी बांधलेली घरं आणि स्थानिक संस्थेने परदेशी गटाविना बांधलेली घरं, दोन्हींतल्या कुटुंबांकडे त्यांनी पाहिलं. टिकाऊ परिणामात फारसा फरक दिसला नाही. दुसरी, पडताळा. प्रवासानंतर आपलं दान वाढलं असं प्रवासी सांगत होते. त्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या नोंदी पाहिल्या तर तशी वाढ त्या प्रमाणात दिसत नव्हती.

लोक खोटं बोलत होते का? तसं मानायचं कारण नाही. मन भारावलेलं असतं तेव्हा ठरवलेलं आणि केलेलं यांची सरमिसळ होते. वारीहून आलेल्या, शिबिरातून आलेल्या, एखाद्या कार्यशाळेतून आलेल्या कुणालाही हे लागू आहे. म्हणूनच ‘आपल्यात काय बदल झाला?’ या प्रश्नाचं उत्तर हा बदलाचा पुरावा नसतो. तो बदलाच्या भावनेचा पुरावा असतो. दोन्ही अभ्यासायला मोलाच्या, पण वेगळ्या गोष्टी.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. देश एक, प्रसंग आपत्तीचा, काम घरबांधणीचं. दानाची नोंद पाठवणाऱ्या संस्थेची. माणसाने दुसरीकडे कुठे दिलं असेल तर ते त्यात येणार नाही. श्रद्धेची खोली वर्गणीच्या पावत्यांवरून मोजता येते का, हा प्रश्न उरतोच. पण ‘बदललो’ या शब्दाला कागदाशी ताडून पाहण्याची हिंमत त्यांनी दाखवली, तीही त्याच श्रद्धेच्या परिसरात राहून.

मग मोजलेल्यांचा आवाज कुठे शोधायचा?

इथपर्यंत आलात तर तुमच्या लक्षात आलं असेल, की साठ कोटींपैकी कुणी अजून बोललेलंच नाही. तो मजकूर बोलू देत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागतं, आणि मराठीत अशा जागा भरपूर आहेत.

काहींनी उलट उत्तरं दिली. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला आणि आपली बाजू छापून प्रसिद्धही केली. १८५० च्या दशकात विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते. काहींनी तो धर्म स्वीकारला आणि मग स्वतः लेखणी उचलली. बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं, आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ चं. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’मध्ये मराठी ख्रिस्ती माणसांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. यातला कुणीही वीस हजारांतला एक नाही. प्रत्येकाला नाव, भाषा, घर आणि स्वतःचं म्हणणं आहे.

तातडीचा मजकूर आणि ही साधनं एकत्र ठेवली तरच चित्र पुरं होतं. नुसत्या पहिल्यावर लिहिलेला प्रबंध अमेरिकेचा इतिहास असेल, त्यावर नाव मात्र महाराष्ट्राचं असेल.

तुमच्या सिनॉप्सिसमधली तातडी

जाता जाता आरसा आपल्याकडे वळवू. तुमच्या संशोधन आराखड्यात ‘विषयाची गरज’ हा भाग असतो. तिथे आपण काय लिहितो? ‘या विषयाकडे आजवर पूर्ण दुर्लक्ष झाले आहे.’ ‘लाखो लोक या प्रश्नाने ग्रस्त आहेत.’ ‘तातडीने अभ्यास होणे आवश्यक आहे.’ मोठा आकडा, हुकलेली वेळ आणि गैरहजर माणसांच्या नावाने केलेला दावा. १८१८ ची पुस्तिका आणि आपला सिनॉप्सिस यांची घडण फार वेगळी नाही. तिथे वाचक वर्गणीदार होता, इथे संशोधन समिती आहे.

म्हणून एक गृहपाठ. आपल्या आराखड्यातलं गरजेचं पान काढा आणि आजचे चारही प्रश्न त्याला विचारा. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिताय ते आणि ज्यांच्यासाठी लिहिताय ते, यात किती अंतर आहे? आकडा कुठून आला? सोयीसाठी कोण गळालंय? आणि काय सापडलं तर तुमचं गृहीतक चुकलं असं तुम्ही मान्य कराल? चौथ्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर गाईडकडे जाण्याआधी त्या पानावर आणखी एक संध्याकाळ घालवा.

पुढच्या लेखात ‘ज्ञानोदय’ची जुनी फाइल समोर आली तर नोंदी कशा घ्यायच्या ते पाहू. तोवर तुमच्या विषयातला एखादा तातडीचा मजकूर शोधून ठेवा.